आकाशांतून पडलेलें कडें

इ. स. २०२२ च्या एप्रिल महिन्याची २ तारीख, गुढीपाडव्याचा दिवस. त्या सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास विदर्भांत आणि मध्यप्रदेशाच्या कांहीं भागांत लोकांना आकाशांत एक विलक्षण देखावा दिसला. जळत्या गोळ्यांची एक रांगच्या रांग, मागें तेजस्वी शेपट्या सोडीत, आकाश ओलांडून संथपणें निघून गेली. कोणी तिला उल्का म्हणाले, कोणी विमान पेटलें असें समजले. थोड्याच वेळानें आमच्या भंडारा जिल्ह्यास दक्षिणेकडून लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यांतून बातमी आली कीं, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें पडलें आहे. त्याचा व्यास सुमारें ३ मीटर, म्हणजे जवळ जवळ १० फूट होता. त्याच तालुक्यांत गोळ्यासारखी दुसरी वस्तुहि सांपडली. सुदैवानें कोणासहि इजा झाली नाहीं. पुढें इस्रो या आपल्या अवकाश-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं येऊन त्या वस्तूंची पाहणी केली.

अमेरिकेंतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनीं त्याच वेळीं असें मत दिलें कीं, हा चीन देशानें फेब्रुवारी २०२१ मध्यें सोडलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ जातीच्या अग्निबाणाचा एक टप्पा असावा; कारण त्याच्या परतीची वेळ आणि मार्ग या देखाव्याशीं चांगले जुळत होते. म्हणजे ही वस्तु सुमारें १४ महिने पृथ्वीभोंवतीं फिरत होती. मग दोन प्रश्न साहजिकच उभे राहतात. इतके महिने ती खालीं कां पडली नाहीं? आणि इतके महिने न पडलेली वस्तु शेवटीं पडली कां? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तें असें कीं, ती वस्तु ते सर्व महिने एकसारखी पडतच होती! हें उत्तर आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उलगडून सांगावें, एवढ्याचसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम गतीसंबंधीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. सर आयझॅक न्यूटन या इंग्रज गणितज्ञानें इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’ नामक ग्रंथांत गतीचे तीन नियम सांगितले. पहिला असा कीं, बाहेरून जोर लागला नाहीं तर स्थिर वस्तु स्थिरच राहते, आणि चालती वस्तु सरळ रेषेंत त्याच वेगानें चालत राहते. दुसरा असा कीं, जोर लागला असतां वस्तूची गति जोराच्या दिशेनें बदलते. जोर जितका अधिक तितका हा बदल अधिक, आणि वस्तु जितकी जड तितका तो कमी. तिसरा असा कीं, एक वस्तु दुसरीस जितक्या जोरानें ओढते किंवा लोटते, तितक्याच जोरानें दुसरी वस्तु पहिलीस उलट ओढते किंवा लोटते.

या नियमांचा पडताळा पाहण्यास दूर जावयास नको. पीक दाण्यावर आलें म्हणजे पांखरें हांकण्याकरितां शेताचा राखणदार गोफण गरगर फिरवितो. गोफणींतील दगड वर्तुळांत फिरतो, पण तो आपखुशीनें नव्हे. पहिल्या नियमाप्रमाणें त्याचा कल सरळ जाण्याकडे असतो; परंतु दोरी त्यास क्षणोक्षणीं हाताकडे ओढते आणि त्याचा सरळ मार्ग वाकवून त्याचें वर्तुळ करिते. राखणदाराच्या हातास जो ताण जाणवतो, तो तिसऱ्या नियमाचा दाखला होय. दोरीचें एक टोंक सोडतांच ओढ संपते, आणि दगड त्या क्षणीं ज्या दिशेनें चालला असेल त्या दिशेनें, वर्तुळास स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेनें निघून जातो. दगड हातापासून सरळ बाहेरच्या बाजूस फेंकला जातो अशी पुष्कळांची समजूत असते; ती खरी नव्हे.

आतां चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो, त्यास दोरी कोणती? ती दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. पृथ्वी जड वस्तूंस आपणाकडे ओढते हा विचार आपल्या देशांत भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणि’ या ग्रंथांत मांडिला होता. न्यूटनचें विशेष हें कीं, त्यानें या ओढीचें गणित बसविलें. पृथ्वीच्या मध्यापासून अंतर दुप्पट झालें तर ओढ चौथा हिस्सा उरते, तिप्पट झालें तर नववा हिस्सा. आणि हीच ओढ चंद्रापर्यंत पोंचते, असें त्यानें दाखविलें.

ओढ असूनहि चंद्र पृथ्वीवर येऊन आदळत नाहीं, याचें कारण समजण्यासाठीं एका मचाणाची कल्पना करूं. मचाण ५ मीटर उंच आहे आणि त्यावर दोन मुलगे उभे आहेत. एकानें चेंडू नुसता हातांतून सोडला. दुसऱ्यानें त्याच क्षणीं दुसरा चेंडू अगदीं आडवा असा जोरानें फेंकला. कोणता चेंडू आधीं जमिनीस लागेल? हवेचा अडथळा सोडून दिल्यास दोन्ही एकदमच, सुमारें १ सेकंदानें लागतील. खालची ओढ दोहोंवर सारखीच आहे. आडव्या वेगामुळें पडणें थांबत नाहीं. चेंडू फक्त दूर जाऊन पडतो. वेग सेकंदास २० मीटर असेल तर तो २० मीटरांवर पडेल. ४० मीटर असेल तर ४० मीटरांवर.

जमीन आपणांस सपाट दिसते. परंतु पृथ्वी गोल आहे. एखाद्या जागेवरून अगदीं आडवी सरळ रेषा काढीत गेलें, तर पुढें पुढें जमीन त्या रेषेच्या खालीं खालीं वाकत जाते. किती वाकते, हें काढण्याची रीति सोपी आहे. चाललेल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्यास त्रिज्येच्या दुपटीनें भागावें. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,४०० किलोमीटर आहे. आपण ८ किलोमीटर गेलों, तर ८ चा वर्ग ६४. त्यास १२,८०० नें भागिलें असतां किलोमीटराचा २०० वा हिस्सा, म्हणजे बरोबर ५ मीटर येतात. पहिल्या सेकंदांत वस्तु जितकी पडते, जवळ जवळ तितकेच!

ह्यांत सर्व रहस्य आहे. चेंडू सेकंदास ८ किलोमीटर वेगानें आडवा फेंकतां आला, तर एका सेकंदांत तो ५ मीटर पडेल खरा. पण तेवढ्यांत खालची जमीनहि ५ मीटर वाकलेली असेल. चेंडू जमिनीपासून होता तितकाच उंच राहील. पुढच्या सेकंदासहि तेंच, आणि त्याच्या पुढच्यासहि तेंच. तो सारखा पडत राहील, परंतु जमिनीस कधींच लागणार नाहीं. न्यूटननें उंच पर्वतशिखरावरील तोफेची कल्पना करून हीच गोष्ट समजावून दिली होती. हा वेग केवढा म्हणाल, तर भंडाऱ्याहून नागपूर हें सुमारें ६० किलोमीटरांचें अंतर त्या वेगानें ८ सेकंदांच्या आंत कापलें जाईल. जमिनीलगत दाट हवा असल्यामुळें असा वेग येथें टिकणें शक्य नाहीं. म्हणून उपग्रहास प्रथम हवेच्या वर न्यावें लागतें आणि तेथें हा आडवा वेग द्यावा लागतो. अग्निबाणाचें, ज्यास आज सर्वजण रॉकेट म्हणतात, मुख्य काम हेंच. उंची गांठणें हा त्या कामाचा लहान हिस्सा असून आडवा वेग देणें हा मोठा हिस्सा आहे.

चंद्रालाहि हाच हिशेब लागू पडतो काय? पडताळून पाहूं. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारें ६० पट अंतरावर आहे. म्हणून तेथें पृथ्वीची ओढ ६० च्या वर्गानें, म्हणजे ३,६०० पटीनें कमी असली पाहिजे. जमिनीजवळ वस्तु पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडते. त्यास ३,६०० नें भागिलें म्हणजे सुमारें १.३६ मिलिमीटर होतात. आतां दुसऱ्या बाजूनें चला. चंद्र ३,८४,४०० किलोमीटर त्रिज्येची फेरी २७.३ दिवसांत पुरी करितो. म्हणजे तो सेकंदास सुमारें १.०२ किलोमीटर चालतो. त्याचा वर्ग करून त्रिज्येच्या दुपटीनें भागिलें, तर त्याचा मार्ग सरळ रेषेपासून एका सेकंदांत तेवढाच, सुमारें १.३६ मिलिमीटर, वाकतो असें दिसतें. झाडावरून पडणारा आंबा आणि आकाशांतील चंद्र एकाच नियमानें पडतात, याचें याहून सुंदर प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतःच्या हातानें करून पाहावा.

येथें एक प्रचलित गैरसमज दूर करणें इष्ट आहे. अवकाशयानांत माणसें तरंगतांना पाहून लोक म्हणतात कीं, तेथें गुरुत्वाकर्षण नसतें. हें बरोबर नाहीं. आंतरराष्ट्रीय अवकाश-स्थानक सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें. तेथें पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या मानानें शेंकडा ८८ च्या वर असते. ती नसती, तर तें स्थानक सुटलेल्या गोफणगुंड्याप्रमाणें सरळ निघून गेलें असतें. माणसें तरंगतात त्याचें कारण असें कीं, तीं आणि त्यांचें यान दोन्हीं बरोबरच पडत असतात. मग पायांनीं दाबावयाचें कशास? घरीं करण्याजोगा एक प्रयोग आहे. पत्र्याच्या डब्याच्या बाजूस तळाजवळ एक भोंक पाडून त्यांत पाणी भरावें, धार लागेल. आतां तो डबा उंचावरून खालीं सोडावा. पडत असेपर्यंत धार बंद होते, कारण पाणी आणि डबा बरोबरच पडतात व पाण्याचा भार डब्यावर उरत नाहीं.

जितकें अंतर अधिक तितकी ओढ कमी, आणि म्हणून फिरत राहण्यास लागणारा वेगहि कमी. वर सांगितलेलें स्थानक सेकंदास सुमारें ७.७ किलोमीटर वेगानें दीड तासाच्या सुमारास एक फेरी करितें. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर हा वेग ३.०७ किलोमीटर होतो, आणि एका फेरीस पृथ्वीच्या स्वतःभोंवतींच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. विषुववृत्तावर एवढ्या उंचीवर ठेविलेला उपग्रह आपणांस एकाच जागीं खिळल्यासारखा दिसतो. आपल्या गांवांतील घरांवर दूरदर्शनच्या ज्या थाळ्या बसविलेल्या असतात, त्या सर्व दक्षिणेच्या बाजूस तोंड करून कां असतात, याचें उत्तर हेंच. विषुववृत्त आपल्या दक्षिणेस आहे.

जर्मन ज्योतिषी केप्लर यानें इ. स. १६१९ मध्यें अंतर आणि काळ यांचा संबंध सांगितला : फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणांत असतो. पृथ्वीच्या मध्यापासून मोजिलें तर चंद्र हा या स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांच्या सुमारें ९ पट दूर आहे. ९ चा घन ७२९. त्याचें वर्गमूळ २७. उपग्रहाची फेरी एका दिवसाची, तर चंद्राची सुमारें २७ दिवसांची!

येथवर आपण वर्तुळाकार मार्गाचा विचार केला. परंतु केप्लरनेंच इ. स. १६०९ मध्यें दाखविल्याप्रमाणें आकाशस्थ गोलांचे मार्ग बहुधा लांबट, म्हणजे दीर्घवर्तुळाकार असतात. अशा मार्गावर वस्तु कधीं पृथ्वीच्या जवळ येते, कधीं दूर जाते. जवळच्या टोंकास आपण नीचबिंदु म्हणूं आणि दूरच्या टोंकास उच्चबिंदु. वर फेंकलेला चेंडू चढतांना मंदावतो व उतरतांना वेग घेतो, त्याप्रमाणें ही वस्तु उच्चबिंदूकडे जातांना मंद होते आणि नीचबिंदूपाशीं तिचा वेग सर्वांत अधिक असतो. नीचबिंदूपाशीं वेगांत थोडी भर घातली, तर वस्तु पलीकडे अधिक उंच जाते. तेथें वेग थोडा कमी केला, तर ती पूर्वीइतकी उंच जात नाहीं. झोपाळ्याचा अनुभव सर्वांस आहेच. खालच्या टप्प्यावर रेटा दिला कीं झोका उंच जातो.

या तत्त्वाचा पहिला अर्धा भाग आपल्या देशाच्या चंद्रयान-३ नें दाखविला. दि. १४ जुलै २०२३ रोजीं तें सुटलें, तेव्हां त्याचा नीचबिंदु सुमारें १७० आणि उच्चबिंदु सुमारें ३६,५०० किलोमीटरांवर होता. त्याच महिन्यांत पांच वेळां यंत्र पेटवून त्याचा मार्ग वाढविण्यांत आला. यंत्र तापलेला वायु मागें लोटतें आणि वायु यानास पुढें लोटतो. हा पुन्हा तिसरा नियम. अशा रीतीनें उच्चबिंदु लाखाहून अधिक किलोमीटरांवर नेऊन मग यानास चंद्राकडे धाडिलें, आणि दि. २३ ऑगस्ट रोजीं तें चंद्रावर उतरलें.

दुसरा अर्धा भाग सिंदेवाहीच्या कड्यानें दाखविला. ‘चांग झेंग ३ बी’ जातीचे अग्निबाण बहुधा दूरच्या कक्षेकडे जाणारे उपग्रह नेतात. उपग्रहास लोटून दिल्यावर अग्निबाणाचा रिकामा टप्पा मागें लांबट मार्गावर फिरत राहतो. अशा मार्गाचा नीचबिंदु पुष्कळदां वातावरणाच्या वरच्या थरांत येतो. तेथें हवा अत्यंत विरळ असते. पण अगदींच नसते असें नाहीं. प्रत्येक फेरींत ती हवा किंचित् वेग हिरावून घेते, आणि प्रत्येक फेरींत उच्चबिंदु किंचित् खालीं येतो. कोणी रेटा न दिलेला झोका जसा हळूहळू बसतो, तसा हा मार्ग लहान होत जाऊन अखेर जवळ जवळ वर्तुळ होतो, व संपूर्ण फेरी हवेंतून होऊं लागते. मग फार वेळ लागत नाहीं. गुरुत्वाकर्षण त्या दिवशीं कांहीं वाढलें नव्हतें. त्यास तोलून धरणारा आडवा वेग मात्र संपत आला होता.

सेकंदास सुमारें ८ किलोमीटर वेगानें दाट हवेंत शिरलेली वस्तु आपल्यापुढील हवा इतकी दाबते कीं, ती प्रखर तापते. त्या तापानें टप्प्याचे तुकडे होतात व ते जळूं लागतात. उल्का सेकंदास ११ किलोमीटर किंवा त्याहूनहि अधिक वेगानें येतात आणि बहुधा क्षणांत विझतात. अग्निबाणाचे अवशेष त्यांहून सावकाश व जवळ जवळ आडवे येतात. म्हणून त्यांची रांग मिनिट-दीड मिनिटहि दिसूं शकते. त्या रात्रीं जें संथपण लोकांच्या डोळ्यांत भरलें, तेंच त्याच्या ओळखीची खूण होतें. न वितळलेले तुकडे हवेच्या अडथळ्यानें आपला बहुतेक वेग गमावून बसतात, आणि शेवटचे कांहीं किलोमीटर साध्या जड वस्तूसारखे पडतात. म्हणून लाडबोरीस कडें पडलें, पण विवर झालें नाहीं. उलट बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें फार प्राचीन काळीं पडलेला अशनि इतका प्रचंड होता कीं, हवा त्याचा वेग रोखूं शकली नाहीं. काळ्या खडकांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर झालें.

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, एवढें गणित अवगत असतां अशी वस्तु कोठें पडेल हें आधीं कां सांगतां येऊं नये? याचें उत्तरहि त्याच वेगांत आहे. वरची हवा सूर्याच्या क्षोभानें कधीं फुगते, कधीं आकसते. त्यामुळें पडण्याच्या वेळेचा अंदाज थोडा मागेंपुढें होतो. वेळेंत एका तासाची चूक झाली, तर स्थळांत २८,००० किलोमीटरांची चूक होते. हें पृथ्वीच्या अर्ध्या घेराहून अधिक झालें! अमेरिकेचें ‘स्कायलॅब’ हें सुमारें ७७ टनांचें स्थानक सूर्याच्या अशाच क्षोभामुळें अपेक्षेपेक्षां लवकर खालीं येऊं लागलें, तेव्हां आपल्या देशांतहि मोठी घबराट पसरली होती. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस ती आठवत असेल. दि. ११ जुलै १९७९ रोजीं त्याचे अवशेष हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले; त्यांनीं कोणीहि जखमी झाला नाहीं. पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्र आणि निर्जन प्रदेश यांनीं व्यापलेला असल्यामुळें माणसास इजा होण्याचा संभव फार थोडा; पण तो शून्य नाहीं, हें लाडबोरीनें दाखविलें.

म्हणून व्यवहाराची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. शेतांत किंवा रानांत अशी अपरिचित वस्तु आढळल्यास तिला हात लावूं नये. मुलांस व गुरांस दूर ठेवावें आणि पोलीस पाटलास अथवा पोलीस ठाण्यास कळवावें. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असण्याचा संभव असतो. तुकडे वांटून घेणें किंवा भंगारांत घालणें हेंहि योग्य नव्हे. त्यांवरूनच ती वस्तु कोणाची हें ठरतें, आणि नुकसान झालें असल्यास इ. स. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें ती सोडणारें राष्ट्र भरपाईस जबाबदार असतें.

पुढेंहि अशा रांगा आपल्या आकाशांत दिसतील, कारण पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या मनुष्यकृत वस्तु वर्षागणिक वाढत आहेत. त्या वेळीं गांवांत कोणी तिला अरिष्ट म्हणेल, कोणी शत्रूचें अस्त्र म्हणेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं मात्र ती रांग किती सेकंद दिसली, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेकडे गेली, हें टिपून ठेवावें, आणि शेजाऱ्यांस गोफणीचें, मचाणाचें व ६४ भागिलें १२,८०० चें गणित समजावून सांगावें.